समुद्रसपाटी म्हणजे नेमकी कुठली?

मोजणीवाल्याला विचारा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की या सदराची पत्रं ओली होऊ लागतात. एरवी बांध, हद्द, शेजाऱ्याने दीड फूट आत घेतलेलं कुंपण. जून लागला की सगळ्यांना एकच काळजी: आमचं घर किती उंचावर आहे? या खेपेला निवडलेल्या पत्रांपैकी बहुतेक त्याच जातीची आहेत. मी ३४ वर्षं दुर्बीण आणि तिपाई वाहिली, आता नौपाड्यात पेन्शन खातो, त्यामुळे उत्तरं मोजणीवाल्याच्या बाजूनेच येतील.

आम्ही ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाने फोनमध्ये उंची दाखवणारं अॅप घेतलं. ते आमच्या घराची उंची उणे ५२ मीटर दाखवतं. सासूबाईंनी तेव्हापासून गावी जायचं टुमणं लावलंय. बिघडलंय काय, फोन की इमारत?
*– एक वाचक, ऐरोली*

ताई, सासूबाईंना आंब्यांसाठी गावी जाऊ द्या, उंचीसाठी नको. फोनही ठीक आहे आणि इमारतही.

फोन उपग्रहांपासूनची अंतरं मोजून तुमची जागा ठरवतो. त्याला समुद्र कुठे आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्या हिशेबात पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपटा गोळा, निव्वळ गणितातला. उंची मोजली जाते ती त्या गोळ्याच्या पृष्ठापासून. खरा समुद्र असा गुळगुळीत बसत नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक, कुठे हलका, त्यामुळे गुरुत्वाकर्षण जागोजागी थोडं कमीजास्त होतं आणि पाणी त्याप्रमाणे कुठे फुगतं, कुठे बसतं. वारा, लाटा, भरती सगळं बाजूला काढून हे पाणी जमिनीखालूनही पसरलंय अशी कल्पना केली, तर जो उंचसखल पृष्ठभाग मिळतो त्याला जिऑइड म्हणतात. समुद्रसपाटी म्हणजे ढोबळमानाने तोच.

आता गंमत अशी, की जगातला सर्वांत खोल खळगा आपल्याच दाराशी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा पृष्ठभाग गणिती गोळ्याच्या शंभराहून जास्त मीटर खाली जातो, साधारण १०६ मीटर. तिथून जाणाऱ्या जहाजाला काही जाणवत नाही, कारण ओळंबाही त्याच गुरुत्वाकर्षणाने लटकतो. हा खळगा का, यावर बरीच वर्षं डोकी खाजवली गेली. २०२३ मध्ये बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी संगणकावर कोट्यवधी वर्षांच्या हालचाली चालवून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की आफ्रिकेच्या बाजूने खोलातून वर आलेला तापलेला, हलका माल या भागाखाली पसरलाय, त्यामुळे इथलं वस्तुमान कमी पडतं.

या खळग्याचा उतार मुंबई-ठाण्यापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे खरी समुद्रपातळी त्या गणिती गोळ्याच्या ६० ते ७० मीटर खाली आहे. मधला आकडा ६५ धरा. उणे ५२ मध्ये ६५ मिळवले की आले १३. तिसरा मजला म्हणजे जमिनीपासून नऊ-दहा मीटर. म्हणजे जमीन तीन-चार मीटरवर. ऐरोलीच्या खाडीकडच्या बाजूला हे पटण्यासारखं आहे. चांगली अॅपं ही मिळवणी स्वतःच करतात. मुलाने फुकटातलं घेतलेलं दिसतंय.

मात्र त्या १३ वर फार विसंबू नका. फोनची उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त चुकते. आडवी जागा ठरवायला चारही दिशांना उपग्रह असतात. उंचीसाठी सगळे डोक्यावरच, पायाखाली एकही नाही. त्यातून तुम्ही बाल्कनीत उभ्या असाल, तर अर्धं आकाश इमारतीनेच खाल्लेलं.

गुगलवर आमची सोसायटी ४ मीटर उंचीवर दिसते. पेपरात 'आज समुद्रात ४.९ मीटरच्या लाटा' असं येतं. म्हणजे आम्ही ९० सेंटिमीटर पाण्याखाली? मग अजून बुडालो कसे नाही?
*– निवृत्त बँक कर्मचारी, वाशी*

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण वजाबाकी करून पाहणारा वाचक क्वचित भेटतो. वजाबाकी बरोबर आहे. ज्या दोन आकड्यांची केलीत त्यांचे शून्य वेगवेगळे आहेत.

आधी त्या लाटांचं. ४.९ मीटर ही लाट नसते हो! ती भरतीची पातळी. लाट वाऱ्याने उठते आणि दहा सेकंदांत फुटते. भरती चंद्र-सूर्याने चढते आणि उतरायला सहा तास घेते. हे दरवर्षी कुणीतरी पत्र लिहून कळवतं आणि दरवर्षी 'लाटा' छापून येतातच. कोळीवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो 'उधाण' हा नेमका शब्द सांगेल, कुठल्या तिथीला केवढं तेही सांगेल.

भरतीच्या कोष्टकातला शून्य जहाजांसाठी असतो. खलाशाला कमीत कमी पाणी किती, हे हवं असतं, म्हणून ओहोटीत पाणी ज्याच्या खाली सहसा जात नाही अशी पातळी शून्य धरतात. जमिनीच्या नकाशाचा शून्य वेगळा, समुद्राच्या सरासरी पातळीचा. भारतात तो १९०९ मध्ये ठरला. कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं भरतीच्या नोंदी घेतल्या, त्यांची सरासरी काढली आणि तिथून देशभर तलचिन्हं, म्हणजे मोजलेल्या उंचीच्या पक्क्या खुणा, नेली. मुंबईची नोंद अपोलो बंदरची. तिथल्या भरतीमापकाची आकडेवारी १८७८ पासूनची आहे. आशियात इतकी जुनी सलग नोंद फार थोड्या ठिकाणी सापडेल.

मुंबईत जहाजांचा शून्य या सरासरी पातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे ४.९ मीटरचं उधाण जमिनीच्या नकाशावर साधारण २.४ मीटर. तुमची सोसायटी खरोखर ४ वर असेल, तर पाणी तुमच्या दीड मीटर खाली थांबतं. (खाडी आत अरुंद होत जाते तशी भरतीची वेळ आणि उंची थोडी बदलते. अपोलो बंदरचा आकडा वाशीला तंतोतंत लावू नका.)

आता 'खरोखर ४ वर असेल तर' याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. अशा फुकट उंचीमागे बहुतेक वेळा उपग्रहांवरची किंवा अवकाशयानातली मोजणी असते. त्यातली सर्वांत गाजलेली फेब्रुवारी २००० ची. एन्डेव्हर हे यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. एक रडार पोटात, दुसरी अँटेना ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला. आपले दोन डोळे दोन जागांवरून पाहतात म्हणून खोली कळते, तसंच हे. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ८० टक्के भागाची उंची एका झटक्यात मिळाली. आम्हाला एक डोंगर मोजायला हिवाळा जायचा. पहिल्यांदा ती उंची पडद्यावर पाहिली तेव्हा मी चहा विसरलो होतो.

पण रडार जमिनीला विचारत नाही, जे आधी लागेल त्यावरून परततं. खारफुटी असेल तर झाडाच्या शेंड्याजवळून, वस्ती असेल तर छपरांवरून. आणि ३० मीटरच्या एका चौकटीला एकच आकडा. त्यात तुमची इमारत, शेजारचा रस्ता आणि पार्किंगमधलं गुलमोहराचं झाड सगळे एकत्र कालवलेले. सह्याद्रीत पाच मीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. वाशीत त्या पाच मीटरांतच सगळं गाव राहतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या क्लायमेट सेंट्रलच्या संशोधकांनी हीच चूक संगणकाला शिकवून किनाऱ्यांसाठी दुरुस्त केली, तेव्हा जगभर सखल जमिनीवर राहणाऱ्यांचा आकडा एकदम कित्येक पटींनी वाढला. लोक रातोरात खाली गेले नव्हते, आधी छपरांवर उभे असलेले मोजले गेले होते. मुंबईचे लाल रंगवलेले नकाशे तेव्हा तुमच्याही फोनवर फिरले असतील. तेही घराच्या पातळीवर वाचायचे नसतात.

मग बुडला कसे नाहीत? वाशी-नेरूळ बसवताना सिडकोने नेदरलँड्सकडे पाहून धारण तलाव केले. तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी दारं. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दार मिटतं, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला दार उघडून खाडीत जातं. आगरी शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते, तिचीच ही थोरली बहीण. कळीचे तास तेवढे दार मिटलेले. तेवढ्यात आभाळ फाटलं आणि तलाव गाळाने भरलेला असला, की पाणी रस्त्यावर. तुमच्या पायरीशी पाणी आलं तर ते समुद्राचं असण्यापेक्षा आभाळाचं असण्याची शक्यता जास्त. बाहेर पडायला वाट मिळाली नाही, एवढंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी ते पाहिलंच.

सोसायटीला एक सुचवतो. जोत्याची पातळी किती, हे इमारतीच्या आराखड्यात असतं. ती पाहा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: कशापासून? मुंबई महापालिकेची कामं टाऊन हॉलच्या पातळीवरून मोजतात, त्यांचा शून्य समुद्राच्याही बराच खाली आहे, त्यामुळे समुद्रकाठचं गटारही तिथे दोन आकडी उंचीवर दिसतं. असा एखादा आकडा उचलून 'आम्ही २७ मीटरवर आहोत' म्हणत निश्चिंत बसलेला गृहस्थ मी पाहिलाय.

गट नंबरच्या नकाशात आमची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवली आहे…
*– एक शेतकरी, शहापूर*

पत्र चार पानी आहे, दुःख खरं आहे. पण आमची टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्यांचा सरकारी नकाशा, आणि गटाचा नकाशा ही वेगवेगळ्या घरची माणसं. एकात डोंगर मोजतात, दुसऱ्यात मालकी. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही राहू द्या.

लहानपणी उलव्याच्या टेकडीवर करवंदं काढायला जायचो. आता तिथे विमानतळ. माझ्याकडच्या जुन्या टोपोशीटवर टेकडी अजून आहे. हा नकाशा रद्दीत घालू का?
*– एक वाचक, पनवेल*

खबरदार! घालायचाच असेल तर माझ्याकडे पाठवा.

तुमच्याकडचा कागद ४७ एफ/१ असणार. सांगतो कसं ते, कारण नवी मुंबईकरांना ही मौज माहीत नसते. १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांश एकमेकांना छेदतात ते सीवूड्सच्या जवळ, खाडीच्या बाजूला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेत चार टोपोशीटांचे कोपरे नेमके त्या बिंदूवर भेटतात: ठाण्याचा ४७ ए/१६, घणसोली-बेलापूरचा ४७ ई/४, उरणच्या बाजूचा ४७ बी/१३ आणि पनवेलचा ४७ एफ/१. म्हणजे नवी मुंबईचा पूर्ण नकाशा हवा तर चार कागद घ्यायचे आणि खळ लावून चिकटवायचे. आमच्या काळी साहेबाच्या भिंतीवर असाच चिकटवलेला असायचा आणि पावसाळ्यात त्याचे कोपरे सुटायचे.

उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटरची होती. २०१७ पासून ती सुरुंगाने फोडून उतरवली, तोच दगड खालच्या खाजणात भरला, नदीचा प्रवाह वळवला. तुमच्या नकाशातल्या कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) म्हणजे त्या टेकडीचं शेवटचं छायाचित्र समजा. एन्डेव्हरच्या २००० मधल्या मोजणीत ती आहे. जर्मनीच्या जोडउपग्रहांनी २०१० ते २०१५ या काळात जग पुन्हा मोजलं, त्यातही आहे. हीच मोजणी आज अनेक फुकट नकाशांच्या मुळाशी आहे. म्हणजे कुणी ती न तपासता पूररेषा काढली, तर त्याच्या संगणकातलं पाणी आजही नसलेल्या टेकडीला वळसा घालून जाईल.

उलट याचा उपयोगही आहे. जुन्या उंचीतून नवी उंची चौकटीगणिक वजा केली, की किती दगड निघाला, कुठे किती भराव पडला, हे घनमीटरमध्ये कळतं. भूरूपशास्त्रात नद्यांचा गाळ, हिमनद्यांचं वितळणं, दरडींचा ढिगारा असाच मोजतात. एकच नकाशा असला की जमीन दिसते. दोन असले की जमिनीचं वागणं दिसतं.

पारसिकच्या उतारावर, कळव्याकडच्या बाजूला राहतो. दरड कोसळणार की नाही हे नकाशावरून सांगता येतं का?
*– एक वाचक, कळवा*

दिवस सांगता येत नाही, जागा बऱ्यापैकी सांगता येते.

१:५०,००० च्या टोपोशीटवर दोन कंटूर रेषांमध्ये २० मीटरचा चढ असतो. पट्टी लावा. रेषांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर ते ५० मीटर, उतार सुमारे २२ अंश. अर्धाच मिलिमीटर असेल तर ३९ अंशांच्या जवळ. उतार, खडक, मातीची जाडी, झाडी, पाण्याच्या वाटा हे सगळं एकावर एक ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडप्रवण भागांचे नकाशे काढतं.

पण तुमच्यासारख्यांच्या बाबतीत मला भीती वाटते ती दोन रेषांच्या मधल्या जागेची. घर बसवायला मागचा डोंगर सात-आठ मीटर सरळ कापला, तर तो काप २० मीटरच्या रेषांमध्ये हरवतो. कागदावर उतार सौम्य, घरामागे भिंत. त्यासाठी लेझरची मोजणी लागते. विमानातून किंवा ड्रोनवरून सेकंदाला लाखो किरणं सोडतात. काही पानावर आपटून परततात, काही फटींतून शिरून मातीपर्यंत पोहोचतात. शेवटी परतलेली तेवढी निवडली, की झाडी सोलून काढल्यासारखी खालची जमीन उघडी पडते. ग्वाटेमालाच्या जंगलाखाली याच युक्तीने माया लोकांची ६० हजारांवर बांधकामं सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. देवळं सापडतात तर कापलेला डोंगर का नाही सापडणार?

दुसरं साधन नवं आहे. इस्रो आणि नासाचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर येतो आणि रडारच्या दोन नोंदींची तुलना करून जमीन काही मिलिमीटर सरकली तरी पकडू शकतो. त्याच्या एका रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर आहे, पानांमधून बरीचशी पार होते. सह्याद्रीसारख्या हिरव्या डोंगरांना हेच हवं होतं. हळूहळू सरकणारा उतार यात दिसेल. माळीणसारखी एका सकाळी आलेली दरड दोन फेऱ्यांच्या मधे घडून जाते.

तोवर घरामागे जाऊन पाहा: उताराच्या माथ्यावर नवी भेग, तिरके झालेले खांब किंवा झाडं, एरवी कोरड्या जागी अचानक गढूळ झरा. यातलं काही दिसलं तर आधी घर सोडा, मला पत्र नंतर लिहा.

मी आठवीत आहे. उपग्रह नव्हते तेव्हा डोंगरावर न चढता उंची कशी काढायचे? आणि मी घरी काही मोजू शकते का?
*– एक विद्यार्थिनी, ठाणे*

बाळ, एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोण पुरा होतो, हे तू सातवीत शिकलीस. त्यावर अख्खा देश मोजला गेला. १० एप्रिल १८०२ ला विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ जमिनीवर साखळ्या टाकून सुमारे १२ किलोमीटरची एक रेघ मोजली. मग तिच्या टोकांवरून लांबची टेकडी दुर्बिणीत धरून कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा, त्याची नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं. असे त्रिकोण बांधत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. वर्ध्याला जाणारे सेवाग्राम पाहून परततात, पुढे हिंगणघाटला त्या कबरीकडे कुणी वळत नाही.

पुढे १८५२ मध्ये राधानाथ शिकदार यांच्या आकडेमोडीतून दीडशेहून जास्त किलोमीटरवरून दिसणारं एक शिखर सर्वांत उंच ठरलं. त्याची उंची २९,००२ फूट म्हणून १८५६ मध्ये जाहीर झाली. २०२० मध्ये उपग्रहांच्या मदतीने मोजली तेव्हा आली ८,८४८.८६ मीटर. फुटांचे मीटर करून बघ, फरक किती निघतो.

मजेची गोष्ट, त्रिकोणांच्या त्या जुन्या मोजणीत उत्तरेकडे मोजणीच्या दोन जागांमधलं अंतर त्रिकोणांवरून एक आणि ताऱ्यांवरून दुसरं यायचं. फरक कोनाच्या पाच सेकंदांच्या थोडा वर, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या वर. हिमालय ओळंबा स्वतःकडे ओढतो असं धरून प्रॅट नावाच्या पाद्र्याने हिशेब केला, तर ओढ तिप्पट यायला हवी होती! डोंगराखालचा खडक हलका असतो, हे माणसाला अशा न जुळणाऱ्या बेरजेतून कळलं. माझी न जुळलेली बेरीज मात्र साधी होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मुंब्र्याच्या बाजूला पातळ्या घेत फेरी मारून मूळ तलचिन्हावर परतलो. किलोमीटरभराच्या फेरीत १२ मिलिमीटरच्या आत चूक चालते, माझी आली बरोबर एक मीटर. फांदीआड गेलेला स्टाफवरचा (आकडे रंगवलेल्या उंच पट्टीवरचा) मीटरचा आकडा मी अंदाजाने वाचला होता. स्टाफ धरणाऱ्या मामांना तेव्हाच कळलं होतं, पण 'साहेबांना कसं सांगायचं' म्हणून ते गप्प. दुसऱ्या दिवशी सगळी फेरी पुन्हा, भर मे महिन्यात.

तुझ्यासाठी काम सांगतो. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप माग, दहा मीटर पुरे. पाणी भर, बुडबुडा एकही राहू देऊ नकोस. एक टोक सोसायटीच्या फाटकापाशी मैत्रिणीला धरायला सांग, दुसरं तू लिफ्टच्या दाराशी. दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की जमिनीपासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फाटक आणि लिफ्ट यांच्या उंचीतला फरक. पाईप पुरली नाही तर मधे खडूने खूण करून पुढचा टप्पा घे. मग सगळं उलट मोजत फाटकापाशी ये. फरक शून्य यायला हवा. नाही आला तर जो येईल तो खाडाखोड न करता वहीत लिही आणि मला कळव. मीटरचा असला तरी चालेल.